ओल्ड मॅन जळला, राग नाही जळला

काल ३१ डिसेंबर, आमच्या वाड्यावर पोरांनी गवत भरलेला ओल्ड मॅन, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, जाळला, गोव्यात गावोगावी जाळतात तसा, आणि सगळे म्हणाले चला जुनं सगळं गेलं. पण मनातलं असं एका रात्रीत नाही हो जळत. घराच्या वाटणीवरून आमच्याशी बोलणं टाकलेल्या नातेवाईकांचा राग आज सकाळी पण होताच.

मंगेशीला दर्शन घेऊन आलो आणि दुपारभर एव्हरेट वर्दिंग्टनबद्दल वाचत बसलो. अमेरिकेतला मानसशास्त्रज्ञ, माफी हाच त्याच्या अभ्यासाचा विषय, आणि १९९६ साल उजाडता उजाडता घरात शिरलेल्या चोराने त्याच्या आईचा खून केला! तरी त्याने माफ केलं. तो म्हणतो माफी दोन प्रकारची, एक म्हणजे सूड घ्यायचा नाही हा निर्णय, तो आज घेता येतो, आणि दुसरी म्हणजे आतला कडवटपणा खरंच कमी होणं, त्याला वेळ लागतो. हे वाचून इतकं हलकं वाटलं काय सांगू. आपल्याकडे 'सोडून दे रे' म्हणतात आणि नाही सुटलं की आपणच वाईट! आणि माफ केलं म्हणजे झालं ते बरोबर होतं असं पण नाही ना.

थँक्यू म्हणणं त्यामानाने सोपं. पहाटे पाव घेऊन येणारा पोदेर, आईच्या आजारपणात रात्री-अपरात्री गाडी काढणारी शेजारची वहिनी, दोघांना आज समोर उभं राहून सांगितलं. वहिनीचे तर डोळेच भरले.

त्या नातेवाईकांना पण नवीन वर्षाच्या शुभेच्छांचा मेसेज टाकलाय. रिप्लाय नाही आला तरी पाडव्याला परत टाकणार.