१० मिमी स्पूल : मायक्रोमीटरला न दिसलेला त्रिकोण

एक्सकॅव्हेटर मॉडेलच्या हँड-लिव्हर व्हॉल्व्हचं काम या महिन्यात बरंच पुढे सरकलं. बॉडी कास्ट आयर्नची, तिच्यात सरकून तेलाची वाट उघड-बंद करणारी दांडी म्हणजे स्पूल १० मिमी सिल्व्हर स्टीलचा (एक प्रकारचं पोलाद), कामाचं प्रेशर ३० बार. बडोद्यात दांडिया बाजारातल्या घराच्या माडीवर एवढं जमतंय याचा मनापासून आनंद आहे.

आधी बोअर, म्हणजे स्पूल बसतो ते बॉडीतलं भोक. होनिंगनंतर (बारीक दगडांनी आतून घासल्यावर) डायल बोअर गेज ठरलेल्या मापाच्या रिंग गेजवर झिरो करून आत घातला आणि हलकेच डोलवत सर्वात कमी वाचन धरलं. वर १०.००८ मिमी, मध्ये १०.००७, खालच्या तोंडाशी १०.०११. खालचं तोंड जरा फाकलंय, पण सीलिंग लँड (स्पूलचा तेल अडवणारा जाड भाग) तिथे येत नाही, म्हणून ते तसंच ठेवलं. पोर्ट (तेलाच्या वाटा) जिथे बोअरमध्ये फुटतात तिथल्या बरकडे (कडेला राहिलेल्या धातूच्या कुसांकडे) मात्र नीट लक्ष द्या. गेज पोर्टवरून सरकून जातो, त्याला बर कळतच नाही. तो भिंगातून बघावा लागतो.

खरी गोष्ट स्पूलची. बाजारातून आणलेला ग्राउंड रॉड मायक्रोमीटरवर कसाही फिरवला तरी १०.०१२. ओव्हॅलिटी (लंबगोलपणा) शून्य! मकरपुरा जीआयडीसीत टूलरूममध्ये आयुष्य घालवलेले आमचे काका रॉड हातात घेऊन एवढंच म्हणाले, "व्ही-ब्लॉकवर ठेव रे, मग बोलू." ९० अंशांच्या व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर) ठेवून वर एक मायक्रॉनचा (मिमीच्या हजाराव्या भागाचा) लिव्हर डायल लावला आणि रॉड फिरवला. एका फेरीत काटा तीनदा वर, तीनदा खाली, फरक ८ मायक्रॉन.

सेंटरलेस ग्राइंडिंगमध्ये, म्हणजे रॉड सेंटरवर न धरता दोन चाकांमध्ये घासताना, असा तीन फुगवट्यांचा आकार येऊ शकतो. एका बाजूला फुगवटा असला की बरोबर समोर खळगा असतो, म्हणून समोरासमोरचं माप सगळीकडे सारखंच भरतं. ९० अंशांच्या व्हीमध्ये हा दोष दुप्पट दिसतो, म्हणजे त्रिज्येत खरा फरक ४ मायक्रॉन. असा रॉड लॅप करून (पेस्टने घासून उतरवून) मायक्रोमीटरवर १०.००२ केला, पण त्रिकोण तसाच राहिला, तर त्याला भोक १०.००६ चं लागणार. माझ्या बोअरमध्ये मग उरलं काय? जेमतेम एक मायक्रॉन.

चीर दिलेल्या कास्ट आयर्न रिंगचा लॅप केला आणि अॅल्युमिनियम ऑक्साइडची पेस्ट लावून हळूहळू उतरवत आणलं. दरवेळी आधी व्ही-ब्लॉक, मगच मायक्रोमीटर. आता काटा १ मायक्रॉनच्या आत हलतो आणि माप १०.००२ आहे. लँडच्या कडा मुद्दाम धारदार ठेवल्यात, तिथे पॉलिश पेपर अजिबात लावू नका. लँडवरच्या बारीक खाचाही राहू द्या. त्यांच्यामुळे प्रेशर चहूबाजूंनी सारखं होतं आणि स्पूल एका अंगाला चिकटत नाही.

तापमानाचं म्हणाल तर मोजणीचं प्रमाण तापमान २० अंश, आणि आपल्या बडोद्याच्या मे महिन्यात माडीवर ४०. पोलाद दर मीटरला, दर अंशाला साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं, म्हणजे १० मिमीला २.३ मायक्रॉन. पण बॉडी, स्पूल, मायक्रोमीटर, रिंग सगळं रात्रभर एकाच सरफेस प्लेटवर (अगदी सपाट पाट्यावर) ठेवलं की सगळंच जवळपास सारखं वाढतं आणि क्लिअरन्स (स्पूल आणि बोअरमधली फट) टिकतो. बॉडी अॅल्युमिनियमची असती तर हा हिशेब बिघडला असता, कारण ते पोलादाच्या दुप्पट वाढतं.

शेवटी गळती. तेल व्हीजी ३२ या ग्रेडचं, ज्याची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) ४० अंशांवरच सांगतात. या उन्हाळ्यात तेल गरम करायची गरजच पडली नाही. स्पूल मध्यावर ठेवून हातपंपाने ३० बार धरलं, तर एका लँडवरून दहा मिनिटांत सुमारे दीड सीसी. स्पूल बरोबर मध्यभागी धरला तर हिशेबाने एक सीसीच्या आत यायला हवं, आणि पूर्ण एका बाजूला टेकला तर गळती अडीचपट होते. आपला आकडा या दोन्हींच्या मध्ये बसतो. क्लिअरन्स दुप्पट झाला की गळती आठपट, म्हणून या ५-६ मायक्रॉनसाठी एवढी धडपड.

पुढचं काम रिलीफ व्हॉल्व्हची (जादा प्रेशर सोडून देणाऱ्या व्हॉल्व्हची) सीट. ती प्रशियन ब्लू (कुठे टेकतंय ते दाखवणारा निळा रंग) लावून बघणार आहे.