भीमाशंकरचं जंगल ते सुप्याचं माळरान

भाद्रपद सरत आला की घाटमाथ्यावरचा पाऊस हळूहळू हात आखडता घेतो. धबधबे मात्र अजून भरात असतात, आणि त्याच वेळी पूर्वेकडच्या माळांवर गवत कमरेएवढं झालेलं असतं. पुण्यात राहणाऱ्याने फिरायला बाहेर पडावं तर याच दिवसांत. जिल्ह्याच्या पश्चिम कडेला भीमाशंकरला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर बारामतीकडे जेमतेम पाचशे. पण पावसाळी सहल म्हटलं की आपल्या गाड्या ताम्हिणी नाहीतर लोणावळ्याकडेच वळतात. हडपसरच्या पुढे निघालो, तर ते फक्त सोलापूरला जायचं असतं म्हणून. यंदा दोन्ही बाजू एकाच सहलीत पाहायच्या असं ठरवलं. सासूबाईंना (मी त्यांना आईच म्हणते) ज्योतिर्लिंगाचं दर्शन घ्यायचं होतं, मला शेकरू, म्हणजे झाडांवर राहणारी मोठी खार, पाहायचं होतं आणि नवऱ्याला माळावरची चिंकारा हरणं.

मंचरला नाशिक रस्ता सोडला की घोडेगाव, मग डिंभे धरण. धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने रस्ता चढत जातो. खाचरांमध्ये भात निसवायला आलेला, बांधांवर तेरडा आणि उतारांवर सोनकीची पिवळी फुलं. आई मागच्या सीटवरून मध्येच गाडी थांबवायला लावत होत्या. कुठे भाताचा वास घ्यायचा म्हणून, तर कुठे ओढ्याचं पाणी पाहायचं म्हणून.

भीमाशंकरचं देऊळ डोंगराच्या माथ्यावर नाही, खोलगट जागेत आहे. पायऱ्या उतरून खाली जावं लागतं, आणि धुकं असेल तर शेवटच्या वळणापर्यंत शिखर दिसतच नाही. आम्ही पहाटेच रांगेत उभे राहिलो. बेल आणि फुलं विकणाऱ्या बायका, ओले दगड, घंटेचा आवाज, पुढच्या माणसाच्या रेनकोटवरून ठिबकणारं पाणी. गाभाऱ्यात क्षणभरच थांबता आलं, तरी आईंचा चेहरा बाहेर आल्यावर किती वेळ तसाच उजळलेला होता. देवळासमोर शनीचं छोटं मंदिर आहे. वसईच्या मोहिमेनंतर चिमाजी अप्पांनी आणलेल्या घंटांपैकी एक पोर्तुगीज घंटा तिथे टांगलेली आहे. चर्चसाठी ओतलेली घंटा सह्याद्रीतल्या शिवमंदिरात इतकी वर्षं आहे, आणि येणारे भाविक तिला मनोभावे हात लावून पुढे जातात. मला हे फार आवडतं.

या डोंगराची खरी गंमत पाण्यात आहे. भीमा इथे उगम पावते. इथून निघालेलं पाणी पूर्वेला वळतं, वाटेत भामा आणि इंद्रायणी त्याला मिळतात, मग पुण्यातून आलेली मुळा-मुठाही मिळते. हेच पाणी पंढरपुरात चंद्रभागा म्हणून वाहतं, आणि शेवटी कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरात जातं. आणि देवळापासून थोडं चालून कड्याच्या टोकाशी गेलं, तर तिथे पडलेला पाऊस कोकणात कोसळतो आणि अरबी समुद्राला मिळतो. नागफणीच्या वाटेवर आईंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "म्हणजे थेंब कुठे पडला त्यावर त्याचं गाव ठरतं की!"

भीमाशंकर अभयारण्य 1985 साली घोषित झालं. क्षेत्र सुमारे 131 चौरस किलोमीटर, आणि ते पुणे, ठाणे, रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरलेलं आहे. अंजन, जांभूळ, पिसा, आंबा आणि हिरड्याचं दाट, सदाहरित आणि निमसदाहरित रान. झाडांवर शेवाळाचे थर, वेलींचे पीळ. भर पावसाळ्यात इथल्या कुजक्या लाकडावरची बुरशी रात्री हिरवट उजेड देते. तो पाहायला खास रात्री चालणारे लोक आहेत. आम्ही मात्र सकाळच्या वेळी, गावातल्या एका मामांना सोबत घेऊन जंगलात शिरलो. मामा महादेव कोळी समाजाचे. लहानपणापासून उन्हाळ्यात हिरडा गोळा करणारे. बाळहिरड्याच्या पैशांवर इथल्या कितीतरी घरांचा वर्षाचा किराणा भरला जातो. म्हणून हिरड्याचं झाड कोणी सहज तोडू देत नाही.

मामा वर पाहत चालायचे आणि आम्ही मामांकडे. एका ठिकाणी त्यांनी हात वर करून थांबवलं आणि बोटाने उंच फांदीवर काटक्या-पानांचा गोल गठ्ठा दाखवला. शेकरूचं घरटं. एक शेकरू अशी अनेक घरटी बांधून ठेवतं. फांद्यांच्या टोकाशी बांधतं, म्हणजे जड शिकारी तिथवर पोहोचत नाही. मग पुढे अजून एक घरटं दिसलं, आणि अजून एक. सगळी रिकामी. माझी मान दुखायला लागली होती. इतक्यात वरून कर्रर्र-कर्रर्र असा खडखडाट सुरू झाला. मामा हसले, म्हणाले, "आता दिसंल बघा, आपल्यालाच वरडतंय."

आणि दिसलं. विटकरी पाठ, पिवळसर पांढरं पोट, आणि शरीराहून लांब वाटणारी झुपकेदार शेपटी, टोकाकडे फिकट होत गेलेली. मांजराएवढं जनावर, पण फांदीवर वजन नसल्यासारखं. आधी ते आमच्याकडे पाहत खडखडत राहिलं. मग उलटं लटकून, मागच्या पायांनी फांदी धरून, पुढच्या दोन्ही हातांनी काहीतरी सोलून खायला लागलं. सालपटं आमच्या अंगावर पडत होती. मग एकाएकी उडी. दोन झाडांमधली ती मोकळी जागा चांगली पाच-सहा मीटर असेल, ती त्याने सहज पार केली. समोरची फांदी खाली वाकली, पाण्याचा शिडकावा झाला आणि शेकरू पानांत दिसेनासं झालं. महाराष्ट्राने याला राज्यप्राणी केलं आहे, हे पुस्तकात वाचणं निराळं आणि त्याच्या खाण्याची सालपटं केसांत अडकणं निराळं. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. फांदीला फांदी लागलेली असेल तरच त्याचा रस्ता चालू राहतो. मध्ये रुंद रस्ता झाला, वाहनतळासाठी झाडं गेली, की त्याच्या दृष्टीने तिथे दरीच पडते.

म्हणूनच देवराया मला इतक्या मोलाच्या वाटतात. आहुप्याची देवराई याच टापूत आहे. देवाच्या नावाने राखलेल्या रानातली काटकीही उचलायची नाही, हा गावाचा नियम अभयारण्याच्या कायद्याहून कितीतरी जुना आहे. पण ज्या श्रद्धेने रान राखलं, त्याच श्रद्धेने येणारी गर्दी आज पायऱ्यांच्या कडेला बाटल्या आणि पिशव्या टाकून जाते, हे पाहून जीव तुटतो. आम्ही एक पिशवी भरून कचरा खाली आणला. आईंनी स्वतः वाकून वाकून गोळा केला. त्यांना मी दोनदा थांबायला सांगितलं, त्या थांबल्या नाहीत.

परतताना कोंढवळचा धबधबा लांबून पाहिला. पाण्यात उतरलो नाही. पावसाळ्यात वरच्या डोंगरात पाऊस वाढला की खालचं पाणी मिनिटांत फुगतं. 30 जून 2024 ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली माणसं डोळ्यांदेखत वाहून गेली. ते चित्रण मी पाहिलं आहे, आणि तेव्हापासून वाहत्या पाण्यात मुलांना उभं करून फोटो काढणारे दिसले की मी जाऊन बोलते.

पुढचा टप्पा नसरापूरचा. सातारा रस्त्याला चेलाडीहून आत वळलं की बनेश्वर येतं. 1749 साली नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं हे शंकराचं देऊळ झाडीत अगदी झाकलेलं आहे. पुढे कुंड, मागे शिवगंगा नदीचा धबधबा. इथेही वसईच्या मोहिमेची आठवण सांगणारी घंटा आहे, तिच्यावर 1683 हे साल कोरलेलं. ज्यांना एका सकाळीच देऊळ, धबधबा आणि पक्षी पाहायचे असतील, त्यांनी इथे जावं. मात्र रविवार टाळावा.

कापूरहोळवरून सासवडकडे जाणारा रस्ता पुरंदरच्या पायथ्याने जातो. नारायणपूरला नारायणेश्वराचं जुनं देऊळ पाहिलं, आणि मग सासवड सोडल्यावर हवाच बदलली. ढग मागे राहिले. अंजीर आणि सीताफळाच्या बागा लागल्या, टेकड्या बोडक्या होत गेल्या. माळशिरसजवळच्या टेकडीवर भुलेश्वर आहे, आणि बाहेरून पाहिलं तर देऊळ आहे असं वाटणारच नाही. आदिलशाही सरदार मुरार जगदेवांनी सतराव्या शतकात इथे दौलतमंगळ किल्ला उभारला, त्यामुळे उंच भिंती आणि बुरुजच आधी दिसतात. अरुंद, अंधाऱ्या जिन्याने वर गेलं की यादवकाळातलं काळ्या पाषाणाचं कोरीवकाम सामोरं येतं. प्रदक्षिणामार्गावर रामायण-महाभारतातले प्रसंग, मातृका, सुरसुंदरी. कितीतरी मूर्तींचे चेहरे फोडलेले आहेत, तरीही कमरेचा बाक आणि दागिन्यांचा सैलपणा दगडात जिवंत आहे. स्त्रीरूपातला गणपती इथे आहे. तो शोधायला आम्हाला वेळ लागला, आणि सापडल्यावर आई कितीतरी वेळ त्याच्यासमोरून हलल्या नाहीत. पिंडीखालच्या खळग्यात भाविक पेढे ठेवतात. आम्हीही ठेवले.

मुक्काम जेजुरीला. सकाळी भंडाऱ्याने पिवळे झालेले पाय घेऊन मोरगावला गेलो. अष्टविनायक यात्रेचा पहिला मान मयूरेश्वराचा. कऱ्हेकाठचं हे देऊळ, चार कोपऱ्यांना मिनार, आणि गणपतीसमोर नंदी. दर्शन शांतपणे झालं. तिथून अगदी जवळ, बारामती तालुक्यातल्या सुप्याला, याच देवाच्या नावाचं मयूरेश्वर अभयारण्य आहे. 1997 साली घोषित झालेलं, क्षेत्र फक्त 5.14 चौरस किलोमीटर. राज्यातल्या सर्वांत लहान अभयारण्यांपैकी हे एक.

फाटकातून आत गेल्यावर आई म्हणाल्या, "अगं, हे तर नुसतं गवत आहे." खरंच, पाहताक्षणी तसंच वाटतं. कुसळी, पवन्या, मधूनमधून हिवर, बाभूळ, बोर. पण दुर्बीण हातात घेऊन एका जागी बसलं की माळ बोलायला लागतो. आभाळात उंच जाऊन गाणारा चंडोल. मोकळ्या जमिनीवर दोन पावलं पळून थबकणारा धाविक. आणि मग नवऱ्याने माझा हात दाबला. गवताच्या कडेला चिंकारा मादी होती. तिच्यामागे अजून दोन, आणि थोडा दूर, वळ्या असलेल्या उभ्या शिंगांचा नर.

चिंकारा इतकं नाजूक जनावर आहे की सुरुवातीला पाय दिसतच नाहीत, दिसते ती सतत हलणारी काळी शेपटी. मादीलाही शिंगं असतात, पण बारीक आणि आखूड. पानांतून आणि दवातून मिळणाऱ्या ओलाव्यावर ही हरणं बराच काळ काढू शकतात, म्हणून पाचशे मिलिमीटरच्या मुलखात ती टिकली. उन्हाळ्यात वनविभाग पाणवठ्यांत टँकरने पाणी भरतो, त्याचाही आधार होतो. वाऱ्याची दिशा बदलली असावी. मादीने मान वर केली, पाय आपटला, शिंकेसारखा आवाज काढला आणि सगळी हरणं उसळ्या घेत निघून गेली. आई बराच वेळ दुर्बीण डोळ्यांवरून काढायला तयार नव्हत्या.

बाहेरच्या रस्त्यावर एक धनगर भाऊ मेंढरं घेऊन उभे होते. लांडगा दिसतो का, विचारलं. "दिसतो की ताई. एखादं कोकरू नेतो. त्याचा वाटा हाय म्हणायचं नि सोडायचं." दिवाळीनंतर ते कळप घेऊन कोकणाकडे निघणार होते. ज्या डोंगरांतून आम्ही दोन दिवसांपूर्वी गाडीने उतरलो होतो, तेच डोंगर ते पायी ओलांडणार. ही माणसं, त्यांची मेंढरं, लांडगा, तरस, चिंकारा हे सगळं ज्या गवतावर उभं आहे, त्याला आपल्या कागदपत्रांत 'पडीक' म्हणतात. पडीक म्हटलं की तिथे प्लॉट पडतात, खाणी येतात, किंवा हौसेने झाडं लावली जातात. माळावर दाट झाडं लावणं हेही माळ संपवणंच आहे, हे झाडं लावणाऱ्या आपल्यासारख्या माणसांना पटवणं सर्वांत अवघड जातं. शेकरूसाठी झाड वाचवायला सगळे धावतात, आणि धावायलाच हवं. चिंकारासाठी मोकळी जमीन वाचवायला तितकीच माणसं हवी आहेत.

तुम्हाला जायचं असेल तर सुप्याला सकाळी उजाडताच पोहोचा, मळकट रंगाचे कपडे घाला, आणि कुसळं पायमोज्यांत घुसतात म्हणून उंच बूट घाला. इंदापूरच्या कडबनवाडीत आणि बारामतीजवळच्या शिर्सुफळला वनविभागाने गवताळ प्रदेशाची सफारीही सुरू केली आहे. तिचं शुल्क गावापर्यंत पोहोचतं तेव्हा माळ राखण्यात गावालाही रस वाटतो, म्हणून स्थानिक वाटाड्या जरूर घ्या. जानेवारीत आम्ही भिगवणला जाणार आहोत. तिथे उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरतात, आणि ते ज्या पाण्यात उभे असतात ते भीमेचंच. पळसदेवचं जुनं देऊळ त्याच जलाशयात आहे, पाणी उतरलं की त्याचं शिखर वर येतं. आई आत्ताच विचारताहेत की होडी देवळाच्या किती जवळ जाते.