मोगऱ्याचं ना हरकत पत्र

गच्चीवर बाग करायची असेल तर कलमं, माती, खत हे सगळं नंतर. आधी सोसायटीकडे लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मी सहा वर्षं "ठेवा की वहिनी, छान दिसतंय" या तोंडी परवानगीवर काढली. २०२५ च्या वसंत पंचमीला, रविवारी सकाळी, लिफ्टशेजारच्या फळ्यावर नोटीस लागली: चौथ्या मजल्यावरील सभासदाच्या छतास ओल आली असून गच्चीवरील कुंड्या सात दिवसांत हलवाव्यात.

कुंड्या म्हणजे माझ्याच, दुसऱ्या कोणाच्या नाहीतच. एकूण अकरा. चार मोगरे (दोन बटमोगरे, एक हजारी, एक मदनबाण), तीन जास्वंदी, दोन बोगनवेली, एक अडेनियम आणि एक फुटबॉल लिली, जी त्या दिवसांत जमिनीखाली झोपलेली असते. वर फक्त माती दिसते.

ओल आली होती हे खरं. चौथ्या मजल्यावरच्या काकांच्या बेडरूमचा कोपरा मी स्वतः पाहिला, रंगाचे पापुद्रे सुटले होते. पण माझ्या कुंड्या गच्चीच्या पूर्वेला आणि ओल पश्चिमेच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीखाली. हे मी सेक्रेटरींना सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, पाणी कुठून कुठे जातं सांगता येत नाही. अर्ज द्या, कमिटीत ठेवतो."

ऑफिस रविवारी दहा ते अकरा. पहिल्या रविवारी अर्ज घेऊन गेले तर म्हणे दोन प्रती हव्यात, सोबत कुंड्यांची यादी आणि जागेचा नकाशा. दुसऱ्या रविवारी तेही नेलं. अर्ज घेतला, पण पोच नाही, कारण शिक्का खजिनदारांच्या कपाटात आणि खजिनदार मुलीकडे बंगळुरूला. "सही करून द्या," म्हटलं. "शिक्क्याशिवाय सहीला अर्थ नाही," हे उत्तर. वर, परवानगीचा विषय सर्वसाधारण सभेत ठेवावा लागेल. सभा सप्टेंबरमध्ये! मोगऱ्याचा बहर चैत्र-वैशाखातला. सप्टेंबरात परवानगी घेऊन मी काय गणपतीत मोगरा वाहणार होते?

तोवर सात दिवस संपले होते. भिजलेली बारा इंची कुंडी वीस-बावीस किलो भरते (आमच्या वजनकाट्यावर ठेवून पाहिलंय), आणि आमची लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही. मी आणि वॉचमनदादांनी अकराच्या अकरा कुंड्या जिन्याच्या वरच्या वळणावर आणून ठेवल्या. तिथे ऊन नाही, आणि पाणी घातलं की ओघळ खालच्या पायऱ्यांवर, त्याचीही तक्रार झाली. मग चार-पाच दिवसांतून एकदा तांब्याभर पाणी, बस्स. मोगऱ्याची पानं पिवळी पडून गळायला लागली. रोज येता-जाता ते बघताना जीव तुटायचा, आणि कमिटीचा रागही यायचा.

तीन जणांची पाहणी समिती आली तीही जिन्यातच. एकाने फुटबॉल लिलीच्या कुंडीत बोट घालून विचारलं, "ही रिकामी कशाला ठेवलीय? फेकून द्या." मी म्हटलं, आत कांदा आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी स्वयंपाकाचा कांदा लपवून ठेवलाय.

शेवटी मीच म्हटलं, पाँडिंग टेस्ट करा. हे तुम्हीही लक्षात ठेवा. गच्चीचा संशयित भाग विटा-सिमेंटने बांधून, पाणी जायची भोकं बुजवून, दोन इंच पाणी भरायचं आणि अठ्ठेचाळीस तास खालचं छत बघायचं. आमच्याकडे कुंड्यांच्या जागी पाणी तुंबवलं. दोन दिवस काकांच्या छताला नवा थेंब नाही. मग प्लंबरला टाकीकडे नेलं. ओव्हरफ्लोच्या पाइपाचा सांधा सुटलेला. रोज सकाळी मोटार बंद करायला उशीर झाला की पाणी भिंतीच्या कडेने थेट काकांच्या कोपऱ्यात. दुरुस्ती अर्ध्या तासात झाली. कोणीही मला "चुकलं" म्हटलं नाही. सेक्रेटरी म्हणाले, "आता ठेवा, पण खाली ताटल्या आणि विटा लावा." तेही तोंडीच.

दोन मार्चला कुंड्या परत वर गेल्या, या वेळी भिंतीच्या कडेने, खाली तुळया आहेत तिथे. मोगरे निम्म्यावर छाटले, उरलीसुरली पानं काढली, वरची माती उकरून शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घातली, भरपूर पाणी दिलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही, ते कोणीही सांगेल. एरवी मी जानेवारीअखेर छाटते.

पण एक कबूल करते. मोगऱ्याला बहरासाठी ताण द्यावा लागतो: पंधराएक दिवस पाणी तोडायचं, मग छाटणी, मग खत-पाणी. फूल येतं ते नव्या फुटीवर. त्याआधीची दोन वर्षं माझे मोगरे नुसते पानांनी डवरायचे, कारण जीव राहवत नाही म्हणून मी रोज पाणी घालायचे आणि वर युरियाही. त्या वर्षी ताण कमिटीने दिला. याचं श्रेय मी त्यांना देणार नाही, आणि ताण उन्हातच द्यायचा असतो, जिन्यात नाही.

चैत्रगौर बसली तेव्हा मोगऱ्यावर नुसती लालसर पालवी होती. एप्रिलच्या मध्याला कळ्या दिसल्या. तीन-तीनचा झुबका, मधली कळी मोठी, आणि उमलतेही तीच आधी. बाजूच्या दोघी एक-दोन दिवस मागून. गजऱ्यासाठी चारच्या सुमारास टपोऱ्या पांढऱ्या कळ्या काढायच्या, ओल्या फडक्यात गुंडाळायच्या, संध्याकाळी हातात उमलतात. अक्षय तृतीयेच्या आत हळदीकुंकू उरकलं, बायकांना कैरीची डाळ, पन्हं आणि प्रत्येकीला ओंजळभर मोगरा. चौथ्या मजल्यावरच्या काकूंना दोन ओंजळी दिल्या, त्यांनी तक्रार केलीच नव्हती, ती काकांची.

हो, एक राहिलंच. कुंड्या सावलीत राहिल्या की पिठ्या ढेकूण येतो. जास्वंदीवर आला होता. पाण्याचा जोरदार फवारा, मग साबणाच्या पाण्यात थोडं निंबोळी तेल मिसळून फवारायचं, संध्याकाळी. बोगनवेलीला यातलं काहीच लागलं नाही, तिला उपेक्षाच मानवते.

परवानगीचं पत्र मे महिन्यात आलं, शिक्क्यासकट. "गच्चीच्या पूर्व बाजूस १० कुंड्या ठेवण्यास हरकत नाही." मी पुन्हा मोजल्या, अकरा. पत्र आलं त्याच आठवड्यात वळवाची पहिली सर पडली आणि चार दिवसांनी त्या रिकाम्या कुंडीतून जाड दांडा वर आला, टोकाला लालभडक चेंडू. पत्रात तिची नोंद नाही, आणि दुसरा अर्ज मी करणार नाही.