दादर आलं, उतरायचंय

मागच्या पावसाळ्यात आई परळच्या एका हॉस्पिटलात होती. लघवीचं इन्फेक्शन, वर सोडियम घसरलेलं. दुपारी अगदी व्यवस्थित बोलायची आणि रात्री दोनला सलाइनची नळी ओढत म्हणायची, "अगं ऊठ, दादर आलं, उतरायचंय!" मला ओळखतही नव्हती. डॉक्टरांनी फाइलवर लिहिलं: डिलिरियम.

मला वाटलं, झालं, डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. तर तसं नव्हतं. डिमेन्शिया सहसा हळूहळू, महिनोन्‌महिने वाढत जातो. डिलिरियम तासांत, फार तर दोन-चार दिवसांत येतो, दिवसभर कमी-जास्त होतो, रात्री बहुधा बळावतो आणि कारणावर इलाज झाला की बरेचदा उतरतो. आपली आजी 'वातात बडबडतोय' म्हणायची ना, जवळपास तेच.

शब्द मुळात लॅटिन, आणि थेट शेतातला. 'दे' म्हणजे दूर, 'लिरा' म्हणजे नांगराचं तास, जमिनीत ओढलेली चरी. नांगर तास सोडून भलतीकडे गेला! (इंग्रजीत माणसं आनंदानेही 'डिलिरियस' होतात. मला आता तसं म्हणवत नाही.)

सहाव्या दिवशी आईला हे सांगितलं. शेतकऱ्याची लेक ती. "बैल नवखा असला की होतं तसं," म्हणाली आणि चहात साखर कमी म्हणून कुरकुरली.