ओला दगड लागला

स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, माझ्या नावावर असे सहा गेम आहेत, जे सेलमध्ये घेतले, रात्रभर लावून डाउनलोड केले आणि मग शिकायच्या भीतीने पाहुण्यांच्या कपबश्यांसारखे नुसते सांभाळून ठेवले. त्यातला सर्वांत जुना आजार म्हणजे युरोपा युनिव्हर्सॅलिस ४. इतिहासातलं एक राज्य घेऊन चालवायचा हा गेम ११ नोव्हेंबर १४४४ या तारखेला सुरू होतो आणि तुम्ही सुरू करेपर्यंत घड्याळ थांबलेलं असतं. मी विजयनगर घेतलं, कारण तेव्हा गोवा त्यांच्याकडे. गोवा घेणारा पोर्तुगीज अल्बुकर्क यायला अजून ६६ वर्षं. म्हटलं, वेळच वेळ आहे. पाऊण तास मी त्याच ११ नोव्हेंबरला बसून होतो. ज्या बटणावर कर्सर न्यावा तिथे आकड्यांची एक चौकट उघडायची. शेवटी घड्याळ न चालवताच गेम बंद केला आणि जेवायला गेलो.

एल्डन रिंग या मारामारीच्या गेमचीही भीती वाटायची, पण ती निराळी. ती हाताची भीती. सुरुवातीलाच लिमग्रेव्हच्या माळावर तो सोनेरी चिलखतवाला घोडेस्वार फिरत असतो. त्याच्याकडून मी अकरा वेळा मेलो. मग भाचा म्हणाला, "मामा, त्याच्याशी भांडायला सांगितलंय कोणी? बाजूने जा की." बाजूने गेलो, गेम सुरू झाला. डोक्याच्या भीतीचं तसं नसतं. तिथे बाजू कुठली तेच कळत नाही.

म्हणून या पावसाळ्यात ठरवलं, सहापैकी सगळ्यात अवघड तोच आधी काढायचा. ड्वार्फ फोर्ट्रेस, म्हणजे बुटक्यांकडून जमिनीखाली किल्ला खणून घ्यायचा गेम. टार्न आणि झॅक ॲडम्स या दोन भावांनी तो २००६ साली लोकांसमोर आणला, आणि कित्येक वर्षं त्यात चित्र म्हणून नव्हतंच. पडदाभर नुसती अक्षरं आणि चिन्हं, 'सी' हे अक्षर दिसलं की ते मांजर समजायचं. डिसेंबर २०२२ मध्ये स्टीमवर आला तो चित्रांसकट, माऊससकट. म्हणजे माझी हक्काची सबब गेली. हाच तो गेम, ज्यात एकदा मांजरं भराभर आजारी पडायला लागली. कारण शोधलं तर असं निघालं की दारूच्या गुत्त्यात जमिनीवर सांडलेली दारू त्यांच्या पायांना लागत होती आणि पंजे चाटता चाटता ती झिंगत होती. ही गोष्ट सगळे कौतुकाने सांगतात. मला ती ऐकून धडकी भरली होती. मांजराच्या पंजाचा हिशेब ठेवणाऱ्या गेममध्ये मी काय विसरेन?

पहिला रविवार, २ तास १० मिनिटं

स्टीमचा नियम आहे: दोन तासांपेक्षा कमी खेळलात आणि १४ दिवसांच्या आत मागितलेत, तर पैसे परत. अशा गेमांसाठी तो नियम म्हणजे थट्टा. दोन तासांत माझं जग तयार झालं, सात बुटके गाडीसकट माळावर उतरले आणि शिकवणी संपली. बस. (शिकवणी बरी आहे, टाळू नका.) एवढं कळलं की बुटक्याला तुम्ही हलवत नाही. तुम्ही जमिनीवर खूण करता, "इथे खणा", आणि ज्याच्याकडे कुदळ आहे तो आपल्या सवडीने येतो. पंचायतीचं काम जसं. मला ते आवडलं.

जुन्या डायरीत एक ओळ लिहायची सवय लावून घेतली: आज एकच प्रश्न. पहिल्या दिवशीचा प्रश्न, "हे झोपतात कुठे?"

दुसरा आठवडा, एकूण ६ तास

किल्ला बुडाला.

कसा, ते सविस्तर सांगतो, कारण नवीन माणूस नेमका इथेच सोडून देतो. मी खाली जाणारा जिना आखला. दोन मजले मातीचे, सरळ गेले. तिसऱ्यावर खणणारा थांबला आणि वर सूचना आली: ओलसर दगड सापडला, खोदकाम रद्द. मला वाटलं गेमचं काहीतरी बिनसलंय. पुन्हा खूण केली. पुन्हा रद्द. असं चार-पाच वेळा, शेवटी खणलंच त्याने. हुश्श म्हणून मी चहा आणायला गेलो. गेम चालूच होता, तो थांबवायचा असतो हेही तेव्हा अंगवळणी पडलं नव्हतं. परत येईतो जिन्याच्या तळाला निळं दिसत होतं. पाण्याची खोली इथे एक ते सात अशी मोजतात. एक असेल तर वाळून जातं, सात म्हणजे छतापर्यंत भरलं. माझ्याकडे चार होतं. धान्याची पिंपं मी खालीच रचली होती.

या गेमचे जुने लोक म्हणतात की हरण्यातच मजा आहे. मला त्या रात्री काही मजा वाटली नाही. झोपलो.

तिसरा शनिवार, दिवसभर पाऊस

आमचं घर गोव्यात डिचोलीला. बाबांनी खाणीवर पंपावर एकवीस वर्षं काढली, २०१२ साली खाणी बंद पडल्या तोवर. मी पुन्हा नवा किल्ला लावून त्याच ओल्या दगडापाशी अडलो होतो आणि ते मागून बघत उभे होते. यापूर्वी माझ्या कुठल्याही गेमकडे त्यांनी ढुंकून पाहिलेलं नाही.

"उदक वणटींतल्यान येता न्हय हें?" (गोव्याबाहेरच्यांसाठी: हे पाणी भिंतीतून येतंय ना?)

म्हटलं, हो, भिंतीतूनच. त्यांनी खुर्ची ओढली. खाणीचा खड्डा पाण्याच्या पातळीखाली गेला की पाणी येणारच, म्हणाले, त्यात बिघाड कसला? खड्ड्याच्या तळाशी एक खोलगट जागा करून पाणी तिथे आणायचं आणि पंपाने वर फेकायचं. पंप थांबला की खाण थांबली. बंद पडलेल्या खड्ड्यांत आज हिरवंगार पाणी दिसतं ते त्याचमुळे. मी म्हटलं, पंप आहे गेममध्ये, पण बनवायला मला अजून जमत नाही. थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, एवढीशी जागा आहे, याला खाण कशाला समजतोस? ही विहीर आहे. विहीर कशी बांधतात? हवी त्यापेक्षा रुंद खणतात आणि आतून चिरे लावून घेतात.

इतकं साधं होतं. मधला जिना तसाच ठेवायचा, त्याच्या भोवतीच्या आठ चौकटी खणायच्या आणि लगेच त्या आठही ठिकाणी भिंत बांधायची. एक मजला झाला की पुढचा. माझ्या जागेवरचा पाणथर हलक्या जातीचा होता, म्हणजे पाणी झिरपतं, उसळत नाही, म्हणून हे जमलं. भारी जातीचा असता तर एवढी सवड मिळाली नसती. नवख्याने जागा निवडतानाच तो टाळावा. चिरे नव्हते, तेव्हा ओंडक्यांच्या भिंती केल्या. मजल्याला आठ ओंडके, तीन मजले, चोवीस ओंडके. झाडं तोडायला दोन बुटके लावले. मधे एकदा भिंत घालणारा काम टाकून दारू प्यायला निघून गेला. बाबा म्हणाले, आमच्याकडेपण असाच एक होता.

चौथ्या मजल्यावर कोरडा दगड लागला तेव्हा दोघांनी एकदमच "हां" केलं. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, कोण आलंय?

चौथा आठवडा, एकूण १९ तास

इथून पुढे सगळं भराभर. भूछत्रांची शेती लावली, ती बारमाही पिकते. त्यांचीच दारू गाळायला भट्टी घातली. दारू इथे चैन नाही, ती नसली की बुटके कुचराई करायला लागतात. शरद ऋतूत व्यापाऱ्यांचा तांडा आला, त्यांना दगडाचे पेले देऊन दोन ऐरणी आणि कापड घेतलं. सौद्यात मी नक्की लुबाडला गेलो. एकदा ऐन वेळी लाईट गेली आणि अर्ध्या तासाचं काम गेलं. तेव्हापासून सेव्हची आपोआप होणारी वेळ कमी करून ठेवली आहे. लॅपटॉपला बॅटरी असते म्हणाल, तर माझीची वीस मिनिटंही टिकत नाही.

सैन्य, इस्पितळ, न्यायनिवाडा, यांची पानं अजून उघडलेलीच नाहीत. आश्चर्य म्हणजे त्यावाचून काही अडलंही नाही. महिनाभरापूर्वी मी हे सगळं आधी वाचून काढायला निघालो होतो. एका जाणत्याचा चार तासांचा व्हिडिओ पणजीच्या कदंब बसमध्ये येता-जाता बघत होतो. त्यातलं डोक्यात राहिलं ते एवढंच, की त्या गृहस्थाला खोकला झाला होता. पाण्याबद्दल त्यानेही सांगितलंच असणार. पण माझा किल्ला बुडायच्या आधी ते ऐकून मला काय कळणार होतं!

आज, एकूण २७ तास

वस्ती ३१. पहिले सातही जिवंत आहेत. एका कारागिराला झपाटल्यासारखं झालं, त्याने कार्यशाळा अडवून धरली आणि हाडं मागत बसला. माझ्याकडे हाडं नव्हती, मग एक शेळी गेली. त्याने त्या हाडांतून जे कोरलं ते बघून मी आईला बोलावलं. ती म्हणाली, छान, पण शेळी कशाला मारलीस?

युरोपाकडेही एकदा डोकावलो. डायरीत प्रश्न लिहिला, "एक जहाज बांधून समुद्रात सोडता येतं का?" आणि बाकीच्या सगळ्या बटणांकडे पाठ फिरवून घड्याळ सुरू केलं. १४४६ पर्यंत पोचलो. जहाज आहे. त्याचं काय करायचं ते पुढच्या प्रश्नात.

किल्ल्याचा जिना आता २२ मजले खाली गेलाय आणि अजून गुहा लागलेली नाही. इथे खाली कुठेतरी मोठ्या पोकळ गुहा असतात, आणि त्यांत काय राहतं ते ऐकून आहे. दार बसवून घेतलंय, कुलूप लावलंय. खरं तर काल रात्रीच पुढे खणणार होतो. पण बाबा बहिणीकडे साखळी गावी गेलेत आणि जाताना बजावून गेलेत की पोकळ लागेल असं वाटलं तर थांब, मी आल्यावरच फोड.