टीव्हीमागची पाल

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरनं दोन लॅपटॉपच्या हार्ड डिस्क निघाल्या. एक माझी, एक ताईची, दोन्ही एक-एक टीबीच्या. दोघांनीही मध्ये कधीतरी एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) टाकून घेतली होती आणि काढलेली डिस्क "असू दे, लागेल कधीतरी" म्हणून चहाच्या रिकाम्या डब्यात ठेवून दिलेली. आणि लागली की हो, कारण तेव्हाच माझ्या डोक्यात हॉलमधल्या टीव्हीखालच्या कप्प्यात बसेल असा छोटा पीसी बनवायचं खूळ शिरलं होतं, घरातले सगळे फोटो, लग्नांचे व्हिडिओ एका जागी आणि टीव्हीवर बघता यावेत म्हणून.

अशा पीसीचा मदरबोर्ड (मुख्य सर्किट) मिनी आयटीएक्स मापाचा, म्हणजे 170 बाय 170 मिमी, त्यामुळे केस, म्हणजे पीसीची पेटी, जेमतेम पोळपाटाएवढी. त्यात डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क बसवायची म्हणजे 26 मिमी जाड आणि सहाशे-सातशे ग्रॅमची वीटच, सीपीयूच्या पंख्याला हवा कुठनं मिळणार. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क 100 बाय 70 आणि जाडी 7 नाहीतर 9.5 मिमी, वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. एका मोठीच्या जागेत अशा चारेक सहज मावतील. अजून एक फायदा म्हणजे ही फक्त 5 व्होल्टवर चालते. मोठ्या डिस्कची मोटर 12 व्होल्टवर असते आणि फिरायला लागताना दोन अँपियरच्या आसपास खेचते, ही बिचारी 5 व्होल्टवर एक अँपियरमध्ये उठून बसते. माझ्या केसमध्ये पॉवर सप्लाय म्हणजे बोटभर पट्टी आणि बाहेर लॅपटॉपसारखा अडॅप्टर, त्याला हेच परवडतं. आणि हो, कन्व्हर्टर वगैरे काही लागत नाही, सॅटा (आताच्या डिस्कची नेहमीची जोडणी) असेल तर डेटाची आणि पॉवरची केबल तीच बसते. फार जुनी 44 पिनांची आयडीई असेल तर मात्र सोडून द्या, त्यात काही राम नाही.

आता माझा शहाणपणा ऐका. घरात पडलेले स्क्रू डेस्कटॉपच्या डिस्कचे होते, ते जाड आट्यांचे, हिला लागतात एम 3, म्हणजे 3 मिमीचे बारीक आट्यांचे. पहिला स्क्रू अर्ध्यात अडकला तर मी म्हटलं नवीन आहे म्हणून घट्ट जातोय, दिला जोर, आणि कर्रर्र आवाज येऊन भोकातले आटे गेले ते गेलेच. मग दुसऱ्या दिवशी पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत. दुकानदाराने डिस्क हातात घेतली, गेलेल्या भोकाकडे बघून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "साहेब, हे घ्या, पण तीन एमएमच्या वर आत घालू नका, पाटीला लागेल." पाटी म्हणजे खालचं सर्किट. दहा रुपयात मूठभर स्क्रू दिले. ती डिस्क आजही तीनच स्क्रूंवर आहे, काही बिघडलेलं नाही.

सगळं जोडून झालं, ऑपरेटिंग सिस्टीम एसएसडीवर टाकली (ती ह्या डिस्कवर टाकू नका, मिनिटाला 5400 फेऱ्यांवर विंडोज काय आणि लिनक्स काय, चहा करून येईपर्यंत चालू होत नाही), आणि रात्री आई म्हणाली, "अरे टीव्हीमागे पाल आहे बघ, सारखी चुकचुकतेय." टॉर्च घेऊन शोधलं, पाल नाही. पण आवाज येत होता, टिक्... थोडा वेळ शांत... टिक्. तेव्हा माझ्या मनातली पाल चुकचुकली.

तर भानगड अशी की लॅपटॉपची डिस्क बॅटरी वाचवायला आणि हादऱ्यापासून जपायला काही सेकंद काम नसलं की हेड (डेटा वाचणारं-लिहिणारं टोक) उचलून बाजूला पार्क करते. लॅपटॉपमध्ये ते बरोबरच आहे. पण चोवीस तास चालू पीसीत सिस्टीम मध्येमध्ये काहीतरी बारीकसं लिहीत असते, की हेड परत आत, परत बाहेर. मी घड्याळ लावून बसलो तर दर वीस सेकंदाला एक टिक्. म्हणजे तासाला 180, दिवसाला 4320. अशा बऱ्याच डिस्क सहा लाख वेळा पार्क होतील एवढ्या हिशोबाने बनवलेल्या असतात, म्हणजे साडेचार-पाच महिन्यात कोटा खलास! स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्यात, 193 नंबरला लोड सायकल काउंट (हेड किती वेळा पार्क झालं) बघा, माझ्या डिस्कचा आधीच दोन लाखांच्या वर होता. लिनक्समधल्या एचडीपार्म कमांडने एपीएम (डिस्कची वीज वाचवायची सेटिंग) 254 केलं, म्हणजे बचत सगळ्यात कमी, आणि टिकटिक बंद. पीसी बंद करून चालू केला की डिस्क परत मूळ पदावर येते, म्हणून ती सेटिंग कॉन्फिग फाइलमध्येच टाकून ठेवली. विंडोजवाल्यांना क्रिस्टलडिस्कइन्फो ह्या प्रोग्रॅममधनं हेच करता येतं.

ताईची डिस्क मात्र वेगळंच प्रकरण निघाली. फोटो कॉपी करायला लावले, सुरुवातीला सेकंदाला शंभर एमबीने सुसाट आणि थोड्या वेळाने वीसवर येऊन रडायला लागली. एसएमआर प्रकारची निघाली. ह्यात ट्रॅक (डेटा लिहायच्या गोल रेघा) कौलांसारखे एकावर एक सरकवलेले असतात, मधलं एक कौल बदलायचं तर पुढची सगळी उचलून परत मांडायची. एकदा लिहून नुसतं बघत बसायचं असेल तर ठीक, रोजच्या लिहिण्याला नको. तिच्यावर आता फक्त बॅकअपची दुसरी कॉपी आहे, तसंही एवढ्या जुन्या डिस्कवर फोटोंची एकुलती एक कॉपी ठेवायची माझी हिंमत नाही.

दोन्ही डिस्क आधी एकमेकींना चिकटवून बसवल्या होत्या, तर उन्हाळ्यात 51 डिग्री दाखवायला लागल्या. मध्ये नायलॉनचे तुकडे घालून बोटभर फट ठेवली, 44 वर आल्या.

परवा बघितलं तर महिनाभरात लोड सायकलचा आकडा जेमतेम साठने वाढलाय. आईने मात्र पाल जावी म्हणून टीव्हीमागे लावलेली मोरपिसं अजून काढलेली नाहीत, म्हणते, गुण आला ना, मग राहू दे.