उसन्या पात्रांचे अ‍ॅनिमेशन : माझा अनुभव

आवडत्या मालिकेतील पात्रे घेऊन स्वतःचा अ‍ॅनिमेशनपट करायचे एखाद्या हौशी चाहत्याने ठरवले, की त्याच्या पदरात एक मोठी सोय आणि एक मोठी अडचण एकदमच पडते, आणि दोन्हींचे मूळ एकच असते. पात्रे आधीच घडलेली असतात. त्यांचा स्वभाव, त्यांचे आपसांतले हेवेदावे, त्यांच्या बोलण्याची ढब हे सारे प्रेक्षकाला ठाऊक असते, त्यामुळे ओळख करून देण्यात एक सेकंदही खर्ची घालावा लागत नाही. परंतु नेमक्या याच कारणाने प्रेक्षक काही चालवून घेत नाही. स्वतःच्या कल्पनेतले पात्र थोडे अवघडून चालले, तर ती त्याची लकब म्हणून खपून जाते. उसने घेतलेले पात्र तसे चालले, तर पाहणारा पहिल्या तीन पावलांतच म्हणतो, ‘हा तो नव्हेच.’ अलीकडेच मी असा एक चार मिनिटांचा पट पूर्ण केला. मूळ मालिका जिथे संपते, त्यानंतरच्या एका संध्याकाळी तिच्यातली दोन पात्रे समोरासमोर येतात आणि एकमेकांशी खोटे बोलतात, एवढीच त्याची कथा आहे. तो करताना झालेला मनस्ताप आणि मिळालेला आनंद हे दोन्ही बहुतांशी या उसनवारीतूनच आले.

ब्लेंडर हे सॉफ्टवेअर मोफत मिळते, म्हणूनच माझ्यासारख्याला त्रिमितीय अ‍ॅनिमेशनचा विचार तरी करता येतो. त्यामागची हकिगतही चाहत्यांना आवडावी अशीच आहे : ते बनवणाऱ्या कंपनीने गाशा गुंडाळल्यावर, २००२ साली, एक लाख युरोंची वर्गणी जमवून त्याचा सोर्स कोड सर्वांसाठी मुक्त करण्यात आला. काही चाहत्यांना तर साधनाबरोबर पात्रेही आयती मिळतात. २००८ साली आलेल्या मिकुमिकुडान्स या सॉफ्टवेअरने हात्सुने मिकू या आभासी गायिकेला नाचवण्याची सोय कोणाच्याही हाती दिली, आणि व्हिडिओ गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्ह या कंपनीने २०१२ साली सोर्स फिल्ममेकर हे पट करण्याचे सॉफ्टवेअर खुले केल्यावर तिच्या खेळांतील पात्रे जशीच्या तशी घेऊन पट करणारी एक पिढीच तयार झाली. अशा मंडळींचा मला मनापासून हेवा वाटतो. माझी पात्रे हाताने काढलेल्या मालिकेतली असल्यामुळे ती मला मुळापासून घडवावी लागली.

हाताने काढलेला चेहरा त्रिमितीत आणणे हे काम वरवर पाहता नकलेचे वाटते, पण प्रत्यक्षात नक्कल करायला एकच एक असा चेहरा मुळात नसतोच. चित्रकार सोयीनुसार लबाडी करतो. मिकी माऊसचे कान हे याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण आहे : डोके कुठेही वळले, तरी ते दोन गोल प्रेक्षकाकडे तोंड करूनच राहतात, आणि खऱ्या वस्तूंना ते शक्य नाही. माझ्या नायकाचे नाक समोरून पाहिले तर जवळजवळ नाहीच, केवळ एक बारीक रेघ. बाजूने पाहिले तर चांगले टोकदार. समोरच्या चित्रावर विसंबून डोके घडवले की बाजूने ते सपाट दिसे, बाजूच्या चित्रावरून घडवले की समोरून दुसराच कोणी तरी डोकावे. यावरचा उपाय म्हणजे चित्रकाराचीच लबाडी संगणकाला शिकवणे. कॅमेऱ्याचा कोन बदलेल तसे नाक, हनुवटी आणि कपाळावरची बट हळूच आकार बदलतील अशा शेप की, म्हणजे त्यांचे आधीच घडवून साठवलेले पर्यायी आकार, मी करून ठेवल्या. पूर्ण झालेल्या पटात हे कोणाच्या लक्षात येत नाही आणि येऊही नये. हौशी अ‍ॅनिमेशनमधील कष्टांचा फार मोठा वाटा असा न दिसण्यासाठीच खर्च होतो, आणि हे सुरुवातीलाच कोणी सांगितले तर निम्मे लोक वाटेला जाणार नाहीत.

त्यापुढचे काम सांगाड्याचे, म्हणजे रिगचे. पावले जमिनीवर घसरू नयेत म्हणून पायांना आयकेची (इन्व्हर्स कायनेमॅटिक्सची) व्यवस्था करतात, ज्यामुळे पाऊल एका जागी रोवले जाते आणि गुडघा त्यानुसार आपोआप वाकतो. हातांना मात्र हीच व्यवस्था बरेचदा मारक ठरते, कारण मोकळा झुलणारा हात खांद्यापासून वळवला तरच त्याची गती कमानीसारखी येते. नायकाच्या अंगात लांब झगा होता, आणि त्याविषयी जितके कमी लिहावे तितके बरे. कापडाचे सिम्युलेशन (कापड कसे हलेल याचे संगणकाने केलेले गणित) लावले की दर चौथ्या पावलाला गुडघा झग्यातून आरपार बाहेर येई, आणि ते सावरले की झगा पत्र्यासारखा ताठ होई. शेवटी त्याला कमरेपासूनच दाखवायचे, अशी तडजोड मी बऱ्याच दृश्यांत स्वीकारली. चाहत्यांच्या पटांत पात्रे इतक्या वेळा कठड्यामागे किंवा टेबलामागे उभी का असतात, हे कोडे मला तेव्हा सुटले.

सगळ्यांत अधिक काळ गेला तो चालीवर. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमच्या गतीने चालतो, पण हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये बहुधा एक चित्र दोन फ्रेम टिकवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे पुरतात, आणि काटकसर करायची असेल तर एक चित्र तीन फ्रेम ठेवून ८ चित्रांवरही भागवतात. संगणक मात्र दोन की-फ्रेममधली, म्हणजे आपण ठरवून दिलेल्या दोन मुख्य स्थितींमधली, एकूण एक फ्रेम स्वतःच भरून टाकतो. परिणाम असा, की प्रत्येक हालचाल नको तितकी गुळगुळीत होते आणि पात्र पाण्याखाली चालल्यासारखे दिसते. मूळ मालिकेतील एक छोटासा प्रसंग घेऊन मी तो एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहू लागलो, तेव्हा लक्षात आले की ज्याला मी इतकी वर्षे चपळ समजत होतो, ते पात्र बहुतेक वेळ निश्चल असते. ते वळते तेव्हा मधल्या स्थितींची जेमतेम दोन चित्रे असतात. त्याआधी किंचित मागे झुकण्याचे एक चित्र, आणि वळून झाल्यावर केस व बाह्या जागेवर येण्याची तीन-चार. चपळपणा वेगात नव्हता, तो वेगाच्या आधीच्या आणि नंतरच्या थांबण्यात होता. मग मी संगणकाने भरलेल्या मधल्या स्थिती काढून टाकल्या, हालचाली दोन-दोन फ्रेमच्या टप्प्यांवर आणल्या, आणि स्थिर क्षणांना हात लावला नाही. पात्र पहिल्यांदा ओळखीचे वाटले ते त्या वेळी.

याच न्याहाळण्यात दुसरी एक गोष्ट सापडली, जी मालिका अनेकदा पाहूनही मला दिसली नव्हती. नायक खोटे बोलतो तेव्हा त्याची पापणी लवत नाही. खरे बोलताना, चिडल्यावर, हसताना ती लवते. खोट्या वाक्याच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत मात्र डोळे उघडेच राहतात. हा योगायोग आहे का, हे पाहण्यासाठी मी त्याचे खोटे बोलण्याचे जे प्रसंग आठवले ते सगळे काढून पाहिले, आणि प्रत्येक ठिकाणी तेच आढळले. मान वळताना पापणी लववावी, हा अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्याला फार लवकर मिळणारा सल्ला आहे, आणि माझ्या रिगमध्ये ती सोय आपोआप होणारी होती. खोट्या वाक्यांपुरती ती मी बंद केली. हा पट न करता नुसता रसिक राहिलो असतो, तर ती पापणी मला जन्मात दिसली नसती. या उद्योगातून हाती काय लागले असे कोणी विचारले, तर मी आधी हेच सांगतो.

आवाज माझ्या एका मैत्रिणीने आणि तिच्या भावाने दिले. दोघेही नाटकात काम केलेले, पण घरच्या घरी ध्वनिमुद्रण करणारे, त्यामुळे खोलीचा घुमारा घालवण्यासाठी कपड्यांच्या कपाटात तोंड घालून बोलण्यापर्यंत सगळे प्रकार झाले. ओठांची हालचाल बसवताना मला शाळेत पाठ केलेली वर्णमाला अनपेक्षितपणे कामाला आली. आपल्याकडे वर्ण तोंडात कुठे उच्चारले जातात त्यानुसारच मांडलेले आहेत, आणि अ‍ॅनिमेशन करणाऱ्याला हवे असते तेही तेच. कंठ्य आणि मूर्धन्य वर्ण बाहेरून जवळजवळ दिसत नाहीत, तेव्हा त्यांच्यासाठी तोंडाचा वेगळा आकार करण्याची गरजच नाही. प, फ, ब, भ, म यांच्यासाठी मात्र ओठ मिटलेच पाहिजेत, आणि तेही आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी, नाहीतर बोलणे मागून चिकटवल्यासारखे वाटते. बाकी ओळख स्वरांवर होते : आ, ई, ऊ आणि ओ एवढे आकार नीट साधले की मधले व्यंजन डोळा आपण होऊन भरून घेतो. सुरुवातीला प्रत्येक अक्षराला आकार देण्याच्या हौसेने ‘मी तुला कधीच अडवले नव्हते’ या वाक्यात तोंड इतके फडफडू लागले, की भावच नाहीसा झाला. मग ‘मी’चा मिटलेला ओठ, ‘तुला’तला ऊ आणि आ, ‘अडवले’तला एक उघडा आकार, आणि ‘नव्हते’च्या वेळी खालचा ओठ दातांना किंचित टेकवणे एवढेच ठेवले. तेवढ्याने वाक्य जिवंत झाले. शिवाय मैत्रिणीच्या भावाने ‘कधीच’नंतर मी न सांगता एक बारीकसा थांबा घेतला होता, त्यात मी नायकाला नजर खाली न घालता तशीच रोखून ठेवायला लावले, आणि त्या पटातले सर्वांत चांगले क्षण कोणते असे विचारले तर त्यांतला हा एक, ज्याचे निम्मे श्रेय माझे नाही.

संगीताचे गणित त्यामानाने सोपे होते, पण खोडसाळ. मिनिटाला १२० ठोक्यांची लय असेल तर २४ फ्रेमच्या हिशेबात ठोका बरोबर दर १२ फ्रेमनी येतो आणि चित्रे त्यावर सुखाने बसतात. लय १२८ झाली की तोच ठोका ११.२५ फ्रेमनी येऊ लागतो, आणि प्रत्येक कट पाव फ्रेम पुढे-मागे सरकत जातो. मूळ मालिकेचे संगीत मी वापरले नाही, कारण प्रताधिकाराची भिंत तिथेच सर्वांत आधी लागते. यूट्यूबची कंटेंट आयडी ही व्यवस्था २००७ सालापासून आहे. ती चढवलेल्या पटातील ध्वनी आणि चित्र नोंदवलेल्या मूळ कृतींशी ताडून पाहते, आणि सापडले की जाहिरातीचे उत्पन्न मूळ मालकाकडे वळवायचे, पट अडवायचा की नुसती नोंद ठेवायची हे तो मालक ठरवतो. उत्पन्नाची मला अपेक्षाच नव्हती, पण चार मिनिटांचा पट एका गाण्यापायी अडकावा हे परवडणारे नव्हते, म्हणून १२० च्या लयीत नवीन संगीत करून घेतले.

पात्रांचा प्रश्न मात्र संगीतासारखा टाळता येत नाही. स्टार ट्रेक या विज्ञानकथा मालिकेच्या मालकांनी २०१६ साली, चाहत्यांच्या एका मोठ्या पटावरून न्यायालयात वाद चालू असताना, चाहत्यांसाठी नियम जाहीर केले : एक कथा १५ मिनिटांपेक्षा मोठी नसावी, दोन भाग केले तरी एकूण ३० मिनिटे ओलांडू नयेत, काम करणाऱ्यांनी मोबदला घेऊ नये. अनेक चाहत्यांना ते जाचक वाटले. मला ते जाचक असूनही सभ्यपणाचे वाटतात, कारण कुंपण कुठे आहे ते तरी त्यातून समजते. बहुतेक मालक काहीच सांगत नाहीत, आणि चाहत्याने आपले काम कोणत्याही दिवशी नाहीसे होऊ शकते हे गृहीत धरून ते करत राहायचे असते.

रेंडरविषयी, म्हणजे संगणकाकडून प्रत्येक फ्रेमचे अंतिम चित्र काढून घेण्याविषयी, थोडक्यात सांगतो. एका मिनिटाच्या १४४० फ्रेम होतात, आणि एका फ्रेमला तीन मिनिटे लागली तर एका मिनिटाच्या पटाला ७२ तास. त्यामुळे थेट व्हिडिओ न बनवता प्रत्येक फ्रेम वेगळे चित्र म्हणून साठवावी, म्हणजे वीज गेली किंवा संगणक मध्येच बंद पडला तरी झालेले काम हातचे जात नाही. तयार पट चढवल्यावर अंधाऱ्या दृश्यांत फाइलच्या आकुंचनामुळे चौकोनी ठिपके उमटतात, तेव्हा सावल्या आपल्याला बऱ्या वाटतात त्याहून थोड्या उजळ ठेवलेल्या चांगल्या.

पट पाहणाऱ्यांनी ज्या गोष्टींवर बोट ठेवले, त्या बहुतेक मी सहज उरकलेल्या होत्या. दाराच्या कडीचा आवाज पुष्कळांना आवडला. नाकाच्या लबाडीविषयी अर्थातच कोणी काही बोलले नाही. परंतु मूळ मालिकेवर जीव असलेल्या काही जणांनी, नायक शेवटी खोटे बोलतोय हे आम्हाला लगेच समजले, असे सांगितले. ते कशावरून समजले हे त्यांना सांगता आले नाही, आणि मीही पापणीचे गुपित त्यांना लगेच सांगून टाकले नाही.

सध्या त्याच नायकाचा दोन मिनिटांचा दुसरा पट हाती आहे. रिग तीच, डोके तेच, लयही १२० चीच ठेवली आहे. या वेळी त्याला सुरुवातीपासून एका खुर्चीत बसवून तो झगा अंगावरून उतरवून खुंटीला टांगण्याचा बेत मी केला होता. परंतु मैत्रिणीचा आक्षेप असा, की मूळ मालिकेत तो झगा कधीही, अगदी झोपतानासुद्धा, उतरवत नाही. तिचे म्हणणे खरे आहे, तेव्हा तो का उतरवला याचे पटेल असे कारण आता कथेत घालावे लागणार आहे.